खालच्या गाडीला मालडबा

सीएसएमटीसमोरच्या फुटपाथवर मेट्रोचं नवं प्रवेशद्वार झालंय. त्याच्या कठड्यावर एका कोळीण मावशीने आपली पाटी टेकवली होती. मंडईकडून, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने, ती चालत आली असणार. सकाळची गर्दी स्टेशनातून बाहेर लोटत होती आणि ही एकटी उलट दिशेने आत निघाली होती. मी जवळून जाताना तिने हाक मारली, "जरा हात लाव गो." मुंबईत वाढलेल्या बाईला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी पर्स पाठीवर सरकवली आणि पाटीची एक कड धरली. तिने डोक्यावर चुंबळ नीट बसवली, गुडघ्यात किंचित वाकली. "हं" म्हणाली. दोघींनी मिळून पाटी उचलली आणि एका क्षणी ते सगळं वजन माझ्या हातातून तिच्या मानेवर गेलं. बर्फाचं गार पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पाटी डोक्यावर स्थिर झाल्यावर तिने मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी खाली उतरणाऱ्या जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, "त्या खालच्या गारीला मालडबा हाय काय गो?"

मी म्हटलं, नाही मावशी, लोकलला असतो तसा सामानाचा डबा या मेट्रोला नाही. "बरं," म्हणाली आणि चालायला लागली. बोलण्यात तक्रार नव्हती, चौकशी केल्यासारखं विचारलं होतं. मी खाली उतरले, तिकीट काढलं, गिरगावला जाणाऱ्या गाडीत बसले. त्या स्वच्छ, थंड डब्यात माझ्या बाहीला बोंबलांचा वास येत राहिला आणि तिचा प्रश्न काही केल्या जाईना.

माझं माहेर गिरगावातलं, सासर डोंबिवलीचं. म्हणजे सीएसएमटी हा माझ्या दोन घरांमधला उंबरा. लग्नानंतर कितीतरी वर्षं लोकलमधून उतरायचं आणि मग गिरगावपर्यंत कसं जायचं या विवंचनेत पडायचं, हे ठरलेलं. टॅक्सीवाले जवळचं भाडं म्हणून मान फिरवणार, बसची वाट पाहण्यापेक्षा चालत धोबीतलाव गाठलेलं बरं, आणि हातात पिशव्या असल्या की तेही नको वाटायचं. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो तीनचा वरळीच्या आचार्य अत्रे चौकापासून कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आरेपासून कफ परेडपर्यंत 33.5 किलोमीटरची सगळी मार्गिका जोडली गेली. आता सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव. दोनच स्टेशनं. पहिल्यांदा गेले तेव्हा गाडी थांबली तरी मी बसून होते. घर इतक्या लवकर येतं हे पायांना माहीत नव्हतं.

आईचं तर जगच बदललं. तिच्या गुडघ्यांनी लोकलशी कधीच फारकत घेतली होती. पुलाचे जिने चढायचे, फलाट आणि डबा यांच्यातली ती फट ओलांडायची, आणि हे सगळं मागून रेटा येत असताना. 2014 साली घाटकोपरला याच फटीने एका मुलीचे दोन्ही हात नेले तेव्हा उच्च न्यायालयाने लक्ष घातलं, मग फलाट उंच करायची कामं निघाली. तोवर, आणि त्यानंतरही, आईसारख्या बायका 'आता प्रवास नको' म्हणत घरात बसत गेल्या. मेट्रोत लिफ्टने खाली जायचं. फलाटाला काचेची दारं, गाडीचं दार बरोब्बर त्यांच्यासमोर येऊन उभं राहतं आणि डब्याची जमीन फलाटाला जवळजवळ लागलेली असते. आई काठी टेकत सरळ आत चालत गेली आणि बसल्यावर माझ्याकडे बघून हसली. मंगळवारी सिद्धिविनायकाला ती आता शेजारच्या काकूंबरोबर जाते, मला न विचारता. चाकाच्या खुर्चीतला एक तरुण मुलगा मी एकदा बीकेसीला उतरताना पाहिला. त्याच्याबरोबर कुणीही नव्हतं. लोकलच्या अपंगांच्या डब्यात असा एकटा माणूस चढताना मी पाहिलेला नाही. त्यामुळे मेट्रोबद्दल कुणी सरसकट नाक मुरडलं की मला राग येतो. ज्यांनी आयुष्यभर ओझी उचलून गुडघे झिजवले, त्यांची शरीरं या गाडीने उचलली आहेत.

पण पाटी मात्र वरच राहिली.

आणि हे शहर तर ओझ्यासाठीच रुळांवर आलं. 16 एप्रिल 1853 ला दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, 14 डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सुमारे 400 निमंत्रित, 21 तोफांची सलामी, हे आपण शाळेपासून ऐकतो. तिची तसबीर माणसांची आहे. पण ही गाडी चालवणारी जीआयपी रेल्वे कंपनी उभी राहिली ती कापसासाठी. विदर्भ-खानदेशातला कापूस बैलगाड्यांवरून घाट उतरून यायचा, वाटेत भिजायचा, मळायचा, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तो वेळेवर, स्वच्छ आणि भरपूर हवा होता. म्हणून बोरघाट फोडला, 1863 ला गाडी घाटावर पोचली; 1865 ला थळघाट. गिरगावचे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी रेल्वेसाठी खटपट केली ती मात्र आपल्या शहराचं भलं ओळखून. मुंबई सेंट्रलखालच्या मेट्रो स्टेशनाला आज जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आहे, ते मला फार योग्य वाटतं. हार्बरच्या गाडीत बसा आणि स्टेशनांच्या पाट्या वाचत जा: मशीद बंदर, डॉकयार्ड रोड, कॉटन ग्रीन. गोदी, गोदामं, गासड्या. 3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती याच अंगाने, व्हीटी, म्हणजे आजचं सीएसएमटी, ते कुर्ला. माणसं या मालाच्या मागून आली, मालाबरोबर राहिली आणि गाडीत त्याच्या शेजारी बसली.

सीएसएमटीची इमारत बघायला लोक जगभरातून येतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने ती रचली, 1878 ला काम सुरू झालं आणि पुरी व्हायला दहा वर्षं लागली. 2004 पासून ती जागतिक वारसा आहे. घुमटावर हातात मशाल आणि चाक घेतलेली बाई, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ, कमानींत कोरलेले मोर. मला मात्र या इमारतीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वेगळीच वाटते. ती म्हणजे तिच्या फलाटांची जमीन. हे शेवटचं स्टेशन. रूळ इथे येऊन संपतात, आणि त्यांच्या टोकाशी आडवा मोठा चौक आहे. रस्त्यावरून आत आलात की एकही पायरी न चढता-उतरता कुठल्याही गाडीपाशी पोचता. लोकलचे सात फलाट, त्यापलीकडे बाहेरगावचे अकरा, सगळे एका सपाटीत. हमालाची हातगाडी, आजीबाईची चाकांची पिशवी, डबेवाल्याची लाकडी पाटी, कोळणीच्या डोक्यावरची पाटी, सगळ्यांना एकच जमीन. दादरच्या पुलावर पोतं घेऊन जिने चढणारा माणूस ज्याने पाहिलाय त्याला या सपाटीची किंमत कळेल.

मालडबा ज्यांनी आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मी लहानपणी वडिलांबरोबर त्यात चढले आहे. घरातला शिसवी पलंग मोडून त्याचे खूर आणि फळ्या काकांकडे अंबरनाथला पोचवायच्या होत्या. आत बाकांच्या रांगा नसतात. भिंतीला लागून थोडी बसायची जागा, बाकी सगळी मोकळी जमीन. ती जमीन ओली होती. एका कोपऱ्यात पुदिन्याच्या जुड्या गोणपाटात गुंडाळलेल्या, त्याच्या शेजारी झाकलेल्या पाट्या, पत्र्याचे डबे, एक सायकल, कुणाचीतरी शिलाई मशीन. पुदिना, सुकट आणि ओल्या तागाचा मिळून एक वास होता, तो मला अजून नाकात आठवतो. एक बाई खाली मांडी घालून बसली होती आणि पाटीला पाठ टेकून झोपली होती. भायखळ्याला तिला कुणी उठवलं नाही, तरी ती उठली. तिथे सगळेच एकमेकांना हात लावत होते: "धर", "सोड", "जरा सरक", "उचल". या चार शब्दांवर तो डबा चालला होता. फर्स्ट क्लासच्या डब्यात पुढे मी बरीच वर्षं प्रवास केला. तिथे इतकं बोलणं कधी ऐकलं नाही.

मेट्रोत पाटी का चालत नाही, याची कारणं मला पटतात. डबा बंद, हवा तीच फिरते. माशाचं पाणी सांडलं तर तो वास दिवसभर जाणार नाही. दारं अर्धा मिनिट उघडतात. फलाटावरची काचेची दारं आणि गाडीची दारं एकत्र मिटली पाहिजेत, मध्ये काही अडकलं की सगळी मार्गिका खोळंबते. आत शिरताना सामान यंत्रातून जावं लागतं, आणि त्याचीही कारणं आहेत. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसएमटीच्या बाहेरगावच्या गाड्यांच्या त्याच सपाट चौकात, आपापल्या सामानावर बसून गाडीची वाट पाहणारी माणसं मारली गेली. स्टेशनात 58 जण गेले. त्या रात्री उद्घोषणा कक्षातून विष्णू झेंडे लोकांना बाहेरच्या दिशा सांगत राहिले, म्हणून कितीतरी जण वाचले. त्यानंतर या शहरात बॅग ही नुसती बॅग राहिली नाही. मला यंत्राचा राग नाही. तरी एक गोष्ट खटकत राहते. लोकलसुद्धा मधल्या स्टेशनांवर अर्धाच मिनिट थांबते. तेवढ्यात डबेवाले माणसाएवढ्या लांब पाट्या, तीस-चाळीस डब्यांनी भरलेल्या, दारातून आत सरकवतात आणि पुढच्या स्टेशनावर उतरवतात. 1890 मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं तेव्हापासून त्यांच्या पिढ्या हे करत आल्या आहेत. म्हणजे वेळ अपुरा आहे असं नाही. लोकलचे डबे आखताना कुणीतरी पाटी डोळ्यांसमोर ठेवली होती. मेट्रोचे डबे आखताना ठेवली नाही, एवढाच फरक.

वेळापत्रकही असंच बोलतं. मेट्रोची पहिली गाडी सकाळी 5 वाजून 55 मिनिटांनी. रात्री रुळांची, तारांची, बोगद्याची तपासणी करायची असते, तेव्हा याहून आधी गाडी सोडणं सोपं नाही हे उघड आहे. पण मासळीचा लिलाव, फुलबाजार, भाजीचे ट्रक, दूध, पेपर, या सगळ्यांचा दिवस तोवर अर्धा झालेला असतो. पहाटे साडेचारच्या लोकलमध्ये बसून पाहा, शहर जेवू-खाऊ घालणारी सगळी माणसं तिथे भेटतील. कुणाच्या डोळ्यावर झोप, कुणाच्या मांडीवर झेंडूच्या माळा, आणि बहुतेकांच्या पायाशी काहीतरी ठेवलेलं. साडेआठच्या मेट्रोत लोकांच्या पायाशी काहीच नसतं. लॅपटॉपची पिशवी पाठीवर, कानात इअरफोन. मीही त्यांच्यातलीच, आणि मला तो मोकळेपणा आवडतो हेही खरं.

आमच्या गिरगाव-काळबादेवीने या गाडीसाठी दिलेली किंमत मी जवळून पाहिली आहे. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना शंभर वर्षांच्या चाळी, आणि त्यांच्या पोटाखाली काळ्या दगडात स्टेशन खोदायचं. बोगदे खोदणाऱ्या यंत्रांना वैतरणा, सूर्या, कृष्णा, गोदावरी, तापी अशी आपल्या नद्यांची नावं दिली होती. काही इमारती पाडाव्या लागल्या. तिथल्या लोकांना परत त्याच भागात घरं द्यायचं ठरलं. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं कुटुंब त्यांत होतं. सामान हलवायच्या दिवशी मी गेले होते. तिसऱ्या मजल्यावरून लाकडी जिन्याने कपाट उतरवताना चाळीतले सगळे पुरुष धावले, खाली बायकांनी हात लावले, आणि तिच्या आईने देव्हारा मात्र कुणाच्याही हातात दिला नाही, स्वतः छातीशी धरून उतरली. महिनोन् महिने रात्री आमच्या खिडक्या थरथरायच्या. आई म्हणायची, खाली कुणीतरी जातं ओढतंय. तेव्हा या गाडीवर माझा हक्क आहे असं मला वाटतं, आणि म्हणूनच तिच्याकडे काही मागावंसंही वाटतं.

दिवाळीच्या तोंडावर गावचे काका कोकणकन्या एक्स्प्रेसने आले. रात्री कुडाळला धरलेली गाडी सकाळी सीएसएमटीला लागते. मी त्यांना घ्यायला गेले होते. त्यांच्याजवळ एक बॅग आणि एक पोतं. पोत्यात नारळ, नव्या भाताचे पोहे, घरची नाचणी आणि वर आडवं ठेवलेलं एक भलंमोठं तवसं, म्हणजे कोकणातली मोठी काकडी. काकांना मेट्रो बघायची होती. मी मनातून धास्तावले होते, कारण पोतं घेऊन मेट्रोत शिरणारं कुणी मी अजून पाहिलं नव्हतं. लिफ्टने खाली गेलो. पोतं यंत्रावर ठेवलं, ते आत सरकलं, पडद्यावर नारळांचे गोल आणि त्यांच्यावर लांबलचक तवसं उमटलं. पडद्यासमोर बसलेल्या मुलीने पट्टा थांबवला. पुढे झुकून पाहिलं. मी बोलायच्या तयारीत होते, तोच तिने काकांना विचारलं, "तवसां हा?"

काका म्हणाले, "होय. तुजा गाव खंयचा?"

"कणकवली. धोंडस करतलास?" धोंडस म्हणजे तवशाचा गोड केक.

मागे रांग वाढत होती. दोघांचं गाव, वाडी, तिथल्या शाळेतल्या मास्तरांची चौकशी होईपर्यंत ती वाढतच राहिली, आणि नवल म्हणजे मागच्यांपैकी कुणी कुरकुरलं नाही. मग तिच्या शेजारच्या मुलाने उठून पोतं पट्ट्यावरून खाली घ्यायला हात लावला. काका फलाटावर त्या पोत्यावरच बसले. गाडी आली, त्यांनी पोतं आत ओढलं, दार मिटलं, काही बिघडलं नाही. समोरच्या बाकावरच्या मुलाने पाय आखडून पोत्याला जागा करून दिली. गिरगावला आईने दार उघडल्याबरोबर आधी तवसं हातात घेऊन नखाने टोकरून पाहिलं, कोवळं आहे का म्हणून.

एक पोतं जातं, कारण ते एकाचं आहे, कोरडं आहे आणि पडद्यामागची मुलगी कणकवलीची आहे. धंद्याचा माल रोज असा जाणार नाही, त्याला दया नको, डबा हवा. मला वाटतं तो देता येईल. गर्दीच्या वेळा सोडून मी मेट्रोने जाते तेव्हा आठ डब्यांच्या गाडीतले कितीतरी बाक रिकामे दिसतात. डबेवाल्यांचं सगळं काम याच वेळात चालतं. दहा-अकरानंतर डबे दक्षिण मुंबईत उतरतात आणि दुपारी रिकामे परत निघतात. चर्चगेटच्या बाहेर ते रस्त्यावर पाट्या मांडून डबे वाटून घेतात, आणि चर्चगेटला मेट्रोचं स्टेशन आहे. दुपारी अकरा ते चार एक टोकाचा डबा त्यांना, फुलवाल्यांना, फळवाल्यांना द्या. मासळीसाठी झाकण बसणारे, न गळणारे खोके ठरवून द्या, तसे खोके आज गोद्यांवर मिळतात. त्या डब्यात बाक भिंतीला लागून ठेवा, जमीन पाण्याने धुता येईल अशी करा, आणि लिफ्टमध्ये एक हातगाडी मावते का ते एकदा मोजून पाहा. मी मापाची टेप घेऊन सीएसएमटीच्या लिफ्टची रुंदी बघणार होते, पण तिथल्या मुलाने विचारलं कशाला, आणि मी सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई, थांबा, मीच धरतो दुसरं टोक."